रूपचंद म्हणजे पिरान्हाच का? सासरे ऐकायला तयार नाहीत

गळवाला_मावळ

मंडळी, एक घरगुती भांडण सोडवा.

रविवारी पवन मावळात मित्राच्या शेततळ्यावर गळ टाकून बसलो होतो. दोन तास नुसते डास मारले, मग कणकेच्या गोळीला एक लागला. पाऊण किलो भरला. ताटलीसारखा गोल आणि चपटा, पाठ करडी, गळ्यापासून पोटापर्यंत लालभडक. मित्र म्हणाला, रूपचंद आहे, मीच सोडलेत. मी खुशीत घरी आणला.

सासरे मूळचे मालवणकडचे. मासा हातात घेतल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. त्यांनी कल्ले बघितले, ठीक म्हणाले. मग ओठ वर केला, आत दात दिसले आणि मासा थेट पिशवीत परत. "हा पिरान्हा. माणसं खाणारा. माझ्या घरात शिजायचा नाही." (घर माझं आहे, पण ते असो.) वर त्यांच्याकडे मोबाइलवर आलेला व्हिडिओ आहे, त्यात दोन मिनिटांत गाईचा सांगाडा होतो.

मासा सध्या फ्रीजरमध्ये आहे. जाणकारांनी सांगा, हा पिरान्हा आहे का? नसेल तर खरा पिरान्हा दिसतो कसा, राहतो कुठे, आणि ते गाईचं प्रकरण खरं आहे का? "गूगल कर" म्हणू नका, केलंय. सासऱ्यांना माणसाने सांगितलेलं लागतं.

तळंवाला_इंदापूर

दादा, रूपचंदच. मी तीन वर्षं हाच टाकतोय. बीज कोलकात्याकडून येतं. तरंगतं खाद्य द्या, मका द्या, भात द्या, सगळं खातो. सहा-सात महिन्यांत किलोच्या आसपास जातो. थंडी मात्र सोसत नाही, पारा उतरला की खाणं सोडतो आणि मरही होते. आमची पोरं त्याच तळ्यात डुंबतात, सगळ्यांची बोटं जागेवर आहेत. पिरान्हाच्या भावकीतला आहे म्हणतात, पण भावकीत सगळेच वाईट असतात का?

अक्कलदाढ

तळंवाले दादांचं बरोबर आहे, भावकीतलाच आहे. पण वाद दातांवरून पेटलाय आणि मी दातांची डॉक्टर, त्यामुळे राहवत नाही. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

नवऱ्याच्या बियाणं कंपनीतल्या नोकरीमुळे मी चार वर्षं ब्राझीलला होते, माटो ग्रोसो राज्यातल्या कुयाबा शहरात. माझी पदवी तिथे चालत नव्हती. म्हणजे हाताला काम नाही, बाहेर चाळीसच्या वर ऊन, आणि शहरापासून शंभरेक किलोमीटरवर पांतानाल. पांतानाल म्हणजे जगातली सर्वांत मोठी गोड्या पाण्याची पाणथळ. पावसाळ्यात मैलोन् मैल पाणी, आणि मे-जूनपासून ते ओसरत ओसरत नुसती डबकी उरतात. पोकोने गावापुढे दीडशेएक किलोमीटरचा मातीचा रस्ता त्यातून जातो. त्यावर मूळचे शंभराहून जास्त लाकडी पूल. आमची गाडी पहिल्यांदा ज्या पुलावर थांबली, त्याच्याखाली मी पहिला पिरान्हा पाहिला. आमच्या नावाड्याने नऊ वर्षांच्या मुलाला शिकवावं तसं मला गळ धरायला शिकवलं: बांबूची काठी, दोरा, गळाच्या वर वीतभर तार. तार नसेल तर मासा दोऱ्यासकट गळ कापून नेतो. आमिष म्हणजे बैलाच्या काळजाचा तुकडा. आणि एक उलटी गोष्ट. आपल्याकडे गळ टाकला की गप्प बसायचं. तिथे काठीचं टोक पाण्यावर बडवायचं, म्हणजे काहीतरी धडपडतंय असं त्यांना वाटतं.

अर्ध्या मिनिटात लागला. वर काढला आणि तो चक्क बोलला. खोटं नाही. हातात धरला की "गुर्र-गुर्र" असा, ओल्या चामड्याच्या ढोलक्यासारखा आवाज करतो. पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचे स्नायू थरथरवून तो हे करतो. 2011 साली बेल्जियममधल्या संशोधकांनी टाकीत ऐकून तीन वेगळे आवाज नोंदवले: समोरासमोर आल्यावर भुंकल्यासारखा, खाण्यावरून झटापट झाली की ढोलासारखा, आणि पाठलाग करताना दातांवर दात आपटल्याचा. तिसरा मला रात्री दात खाणाऱ्या पेशंटांमुळे ओळखीचा वाटला.

आता दिसण्याचं. आम्ही पकडायचो तो लाल पोटाचा पिरान्हा, शास्त्रीय नाव पायगोसेंट्रस नॅटरेरी. नॅटरर हे एका ऑस्ट्रियन निसर्ग-अभ्यासकाचं नाव, 1817 पासून अठरा वर्षं तो ब्राझीलमध्ये प्राणी गोळा करत फिरला. मासा साधारण वीतभर ते फूटभर. पाठ पोलादी करडी, अंगावर चंदेरी चमकी पेरल्यासारखी, शेपटी आणि पाठीवरचा पर काळपट. गळा, पोट आणि खालचे पर केशरी-लाल. अमेझॉनकडे याला "पिरान्हा-काजू" असंही म्हणतात. तिथे काजू म्हणजे बी नव्हे, बोंड. पिकलेल्या बोंडाचा जो रंग, तोच पोटाचा. काजूचं झाड आणि त्याचा शब्द दोन्ही पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहूनच गोव्याला आलेत, तेव्हा मालवणच्या सासऱ्यांना हे उदाहरण नक्की पटेल. पिल्लं मात्र लाल नसतात, चंदेरी अंगावर काळे ठिपके. आणि विणीच्या दिवसांत मोठे मासेही लाली सोडून काळवंडतात, त्यामुळे रंगावर फार विसंबू नये.

पोटाच्या कडेवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलंत तर करवत लागते. आणि तोंड! खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला. आमच्या धंद्यात याला क्लास थ्री म्हणतात, पोरगा असता तर मी तारा सुचवल्या असत्या.

नावाड्याने तोंड मिटलेल्या माशाच्या ओठांशी एक जाड हिरवं पान धरलं. "टक्." पानाला अर्धचंद्राकार खाच, कडा इतकी साफ की कात्रीने कापावी. मग त्याने गळ पकडीने सोडवला. हाताने कधीच नाही. त्याच्या उजव्या तर्जनीचं टोक का नव्हतं ते मी विचारलं नाही.

पुढे मी पोकोनेच्या बाजारातून एक वाळवलेला जबडा आणला आणि घरी लूप, म्हणजे डोळ्यावरचं भिंग, लावून बसले. एकेक दात त्रिकोणी, पत्त्यातल्या इस्पिकासारखा. मधलं टोक मोठं, बाजूला एक छोटं टोक, आणि ते शेजारच्या दाताच्या खाचेत बसतं. म्हणजे सुटे दात नाहीतच, एक सलग पातं आहे. वरचं पातं खालच्याला घासून जातं, त्यामुळे तोडतो कात्रीसारखा. चावायला दाढा नाहीत, तुकडा तोडायचा आणि गिळायचा.

मी आणलेल्या त्या जबड्यात खालचा डावा भाग पूर्ण रिकामा होता. मला वाटलं विकणाऱ्याने फसवलं, पडक्या दातांचा माल दिला. पण हिरडीच्या जागी हाड नीट बघितलं तर आत नवी ओळ तयार, कुंपणाआड उभ्या असलेल्या बदलीच्या पोरांसारखी. या माशाचे दात एकेक पडत नाहीत. एका बाजूची अख्खी ओळ एकदम जाते आणि नवी एकदम वर येते. तोवर दुसऱ्या बाजूने जेवायचं. दात एकमेकांत अडकलेले असतात, एक काढून एक बसवणं जमणारच नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी 2019 मध्ये सीटी स्कॅन करून हे छान दाखवलं आणि गंमत म्हणजे शाकाहारी पाकूचीही रीत हीच निघाली. आयुष्यभर कवळी बदलून मिळते, फुकट. माझा धंदा बसला असता.

हा पाकू म्हणजे तुमचा रूपचंद. तोही अमेझॉनचाच, आपल्याकडे बांगलादेशमार्गे आला. पुरातल्या जंगलात झाडांवरून पाण्यात पडणारी फळं आणि कठीण बिया फोडून खाणारा. त्यामुळे त्याचे दात माणसासारखे: पुढे रुंद पटाशीचे आणि दाढांसारखे, वरच्या जबड्यात दोन रांगा. सासऱ्यांनी बघितले ते हे. लहानपणी त्याचा रंग लाल पोटाच्या पिरान्हासारखा दिसतो, म्हणून काही शास्त्रज्ञ याला सोंग समजतात. गुंडाचा शर्ट घातला की कोणी वाटेला जात नाही.

तेव्हा फ्रीजरमधून मासा काढा, वरचा ओठ उचला आणि बघा. एक रांग, टोकदार त्रिकोण आणि खालचा जबडा पुढे असेल तर मला लगेच कळवा. दोन रांगा आणि आपल्यासारख्या दाढा असतील तर आलं-लसूण वाटायला घ्या.

काचेपलीकडे

ताई, लेख झाला हा! मी डोंबिवलीत मत्स्यालयांचं काम करतो. एका गिऱ्हाइकाकडे सहा लाल पोटाचे होते, मी आठवड्याला टाकी साफ करायचो. पहिल्या दिवशी कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून गेलो. हात पाण्यात घातला तर सहाच्या सहा मागच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसले. एकदा पोराने काचेवर टिचकी मारली तर एक कुशीवर पडला, मला वाटलं गेला. दोन मिनिटांनी उठून पोहायला लागला. असला भित्रा मासा मी दुसरा पाहिला नाही.

पण साधा म्हणू नका. गिऱ्हाईक दहा दिवस गावाला गेलं, शेजाऱ्याने खाणं घातलं नाही. आले तर पाच मासे आणि एका शेपटीचा तुकडा. भूक लागली की घरचं-दारचं बघत नाही. आणि मासे जड झाले म्हणून खाडीत-तलावात सोडायची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर हात जोडतो, करू नका. पिरान्हाच नाही, कुठलाच टाकीतला मासा सोडू नका.

गळवाला_मावळ

अक्कलदाढ ताई, दंडवत. सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. काजूच्या बोंडापर्यंत मान डोलावत होते. मग म्हणाले, "भित्रा असेल तर टोळीने का फिरतो? आणि गाईचं काय?" उत्तर द्या, नाहीतर मी हरलो.

अक्कलदाढ

सासऱ्यांना नमस्कार सांगा, नेमका प्रश्न विचारलाय.

टोळी शिकारीची नाही, घाबरलेल्यांची आहे. अमेझॉनमध्ये तेफेजवळ मामिराउआ नावाचं पूरजंगलाचं राखीव क्षेत्र आहे. तिथल्या अभ्यासकांनी 2005 मध्ये हे तपासलं. दोन-दोन मासे ठेवले तेव्हा त्यांचे कल्ले जोरात हलत होते, म्हणजे श्वास भराभर चाललेला. आठ-आठ ठेवले तर शांत. पाणकावळ्याचा खोटा हल्ला केला तर आठांचा घोळका लवकर सावरला. आपण अंधारात चार जण मिळून शेतावर जातो, तसंच. याला खाणारे कमी आहेत का? केमन मगर, पिरारुकू नावाचा भलामोठा मासा, डॉल्फिन, बगळे. मी स्वतः पाहिलं ते महाकाय पाणमांजर: ओंडक्यावर उताणं पडून दोन्ही पंजांत पिरान्हा धरलेला आणि डोक्याकडून सुरुवात, कुरुम कुरुम, आपण मक्याचं कणीस खातो तसं. दातांच्या बाजूनेच सुरुवात केली, हे मला फार आवडलं.

खाणंही तितकं भयंकर नाही. लहान मासे दिवसा हिंडतात आणि दुसऱ्या माशांच्या परांचे, शेपटीचे तुकडे तोडतात. परांचं बरं असं की पुन्हा वाढतात, त्यामुळे तेच दुकान परत उघडतं. मोठे पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर बाहेर पडतात, पाणवेलींच्या आड दबा धरून. मासे, किडे, खेकडे, मेलेलं जनावर, आणि वेळ आली तर बिया आणि फळंसुद्धा.

राहायला गोडंच पाणी लागतं, कोमट, संथ. अमेझॉन, पाराग्वे-पराना, गयानातली एसेक्विबो, या नद्या आणि त्यांच्या पुराचे तलाव. पूर चढला की बुडालेल्या गवतात नर-मादी वाटीएवढा खळगा करतात, मादी हजारो अंडी घालते आणि नर राखण करतो. दोन-तीन दिवसांत पिल्लं. तिथे पावसाच्या सुरुवातीला मासे प्रवाहावर चढतात, त्याला "पिरासेमा" म्हणतात आणि त्या काळात मासेमारीला बंदी असते. मी कुयाबात पहिल्यांदा हा शब्द ऐकला आणि म्हटलं, अरे, ही तर आपली वलगण. (तुपी भाषेत "पिरा" म्हणजे मासा. पिरान्हा, पिरारुकू, पिरासेमा, सगळ्यांच्या पुढे तोच.)

आता माणसांना चावतो का? चावतो. 2013 मध्ये नाताळच्या दिवशी अर्जेंटिनात रोसारिओला उकाड्याने लोक पराना नदीत उतरले आणि 60-70 जणांना चावे बसले. एका मुलीच्या बोटाचा तुकडा गेला. ते लाल पोटाचे नव्हते, भावकीतले "पालोमेता". साओ पाउलो राज्यात धरणांच्या पाण्यातही असं झालंय आणि तिथे डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या: एका माणसाला बहुधा एकच चावा, पाय किंवा टाच. कारण नदी अडवली की संथ पाणी आणि पाणवेली वाढतात, मासे तिथे अंडी घालतात आणि राखणीला बसलेला बाप पाय दिसला की एक तोडून बजावतो, निघ. खाण्यासाठी नाही. घार डोक्यावर झडप घालते तेव्हा ती आपल्याला खायला येते का? घरट्याखालून जाऊ नका, एवढंच तिचं म्हणणं.

पांतानालात पोरं नदीत पोहतात. त्यांचे नियम मला नावाड्याच्या बायकोने सांगितले: मासे साफ करतात त्या घाटावर उतरायचं नाही, जखम असेल तर नाही, आणि उन्हाळ्यातल्या आटलेल्या डबक्यात तर अजिबात नाही. शेवटचं महत्त्वाचं. पाणी आटतं, बाहेर जायची वाट राहत नाही, खाणं संपतं आणि हजारो मासे एका खड्ड्यात. काचेपलीकडे यांची टाकी आठवा. तशा जागी मेलेलं किंवा मरणाला टेकलेलं ढोर पडलं तर मग खरंच हाडं उरतात.

गाईचं बाकी असं. थिओडोर रूझवेल्ट, अमेरिकेचे माजी अध्यक्ष, 1913-14 मध्ये ब्राझीलच्या जंगलात मोहिमेवर गेले होते, याच माटो ग्रोसोतून. 1914 च्या पुस्तकात त्यांनी याला जगातला सर्वांत क्रूर मासा म्हटलं. अध्यक्षच म्हणाले म्हटल्यावर सगळ्यांनी तेच लिहिलं. पण तिथल्या गुराख्यांकडे गाईचा एक वाक्प्रचार आहे खरा: "बोय जी पिरान्हा", पिरान्हाचा बैल. कळप नदी ओलांडायचा असेल तर एक म्हातारा, आजारी बैल खालच्या बाजूला आधी पाण्यात घालायचा, मासे त्याच्यामागे लागले की वरच्या अंगाने बाकीचा कळप पार. आता राजकारणात वापरतात, मोठ्यांना वाचवायला एखादा कारकून निलंबित झाला की. आपण बळीचा बकरा म्हणतो.

आणि हो, खातातही. पांतानालात पिरान्हाचं सूप फार मानाचं. मासा अख्खा शिजवून, काटे फार म्हणून वाटून गाळून घेतात. कांदा, टोमॅटो, लसूण, भरपूर कोथिंबीर. नवऱ्यासाठी फार गुणकारी असं सगळे डोळे मिचकावून सांगतात. मी शेवटी आगळ घालायला लागले, बरं लागायचं. गुणाचं विचारू नका.

गळवाला_मावळ

ताई, मासा वितळवला. सासऱ्यांनी स्वतः टॉर्च धरला, मी चमच्याच्या दांड्याने ओठ उचलला. वर दोन रांगा. दाढा. बायको म्हणाली, अगदी बाबांसारखे. खालचा जबडा पुढे नाही.

पोट फाडलं तर आत मक्याचे दाणे, अर्धवट फुटलेले, आणि माझ्या कणकेची गोळी. सासऱ्यांनी दाणे बोटाने वेगळे केले, बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "तिरफळं आहेत का घरात?"

तळंवाला_इंदापूर

दादा, पाठीकडच्या भागात काटे असतात, तुकड्या जाड पाडू नका. आणि पुढच्या वेळी कणकेऐवजी उकडलेला मका लावून बघा.